मधल्या गोळ्यावरचे बल

"त्या दोघांनी हो म्हनलं त माही ना नाही," वामनराव म्हणाले, आणि बोलणं फिरून पहिल्याच जागी आलं.

कारण हेच आधी रंगराव म्हणाले होते. त्याच्या आधी गोविंदामामा म्हणाला होता. तिघे वामनरावांच्या ओसरीत तीन बाजूंना बसले होते आणि काजल मधोमध सतरंजीवर होती. अमरावतीच्या कॉलेजात तिला बी.एस्सी.ला जागा मिळाली होती, सरकारी वसतिगृहात खाटही. उद्या दुपारपर्यंत हजर झालं नाही, तर जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती.

काजल लहान असतानाच तिचे आईबाप एका अपघातात गेले. तेव्हा याच ओसरीत ठरलं, की पोर तिघांनी पाळीने सांभाळायची. अक्षय्य तृतीयेपासून पोळ्यापर्यंत थोरले काका वामनराव, पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत धाकटे रंगराव, मग पुढच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत शेजारच्या गावचा गोविंदामामा. सणाच्या दुपारी एका घरी जेवायचं आणि दिवेलागणीला दुसऱ्या घरी जायचं. कोणी तिला उपाशी ठेवलं नाही. कोणी हात उगारला नाही. फक्त तिचे कपडे कोणत्याच घरच्या कपाटात गेले नाहीत. ते बॅगेतच राहिले.

आता अडचण त्या पाळीचीच होती.

"सध्या माही पाळी हाये," वामनराव म्हणाले. "माह्या घरून गेली म्हनजे मी हाकलली. हा रंग्या उद्या पारावर तेच सांगत बसंन."

"मी काऊन सांगू बाप्पा? पन पोळ्यानंतरची पाळी माही. मी हो म्हनलं त तुमीच म्हनसान, रंग्यानं पाळी टाळली."

"अन् मी हो म्हनलं त?" मामा म्हणाला. "दोन्ही गावं म्हनतीन, बहीण मेली अन् भाची जड झाली. नाही हो, आमचा लय जीव हाये पोरीवर."

"मंग आमचा काय नाही?" रंगराव म्हणाले.

"आमी काय शेजारी हाओ का तिचे?"

बराच वेळ हेच चाललं होतं. आवाज चढत होते. जो तो आपला जीव दुसऱ्यापेक्षा जास्त असल्याचं सांगत होता. काजल मात्र बसल्या जागेवरून बोटभरही हलली नव्हती.

तिला भौतिकशास्त्राच्या बशीर सरांचं गणित आठवलं. बारावीला असताना संग्रामपूरच्या ज्युनिअर कॉलेजात सरांनी फळ्यावर समभुज त्रिकोण काढला होता. तिन्ही टोकांना सारखे गोळे, बरोबर मध्ये एक लहान गोळा. मधल्यावर एकूण गुरुत्वीय बल किती? काजलने तिन्ही बलांची सरळ बेरीज केली आणि तिप्पट उत्तर लिहिलं.

"बेटा, इतकं बल असतं त गोळा कुठच्या कुठं गेला असता," सर हसले होते. "दिशा कुठं पाह्यल्या तू? तिघं तीन बाजूंनी ओढून राह्यले. उत्तर शून्य."

वर्ग हसला. काजलने विचारलं होतं, "सर, अन् टोकाले गोळेच नसले त?"

"तरी शून्य."

"मंग आपल्याले कसं समजंन? सगळे ओढून राह्यले का कोनीच नाही?"

सरांनी डस्टर उचललं. "शून्य पाहून नाही समजत. टोकाचे दोन गोळे काढून टाक. उरलेला खरंच ओढत असंन, त मधला हलंन त्याच्याकडं."

ओसरीत मामा आता काजलच्या आईच्या आठवणीने डोळे पुसत होता. काजल उठून वामनरावांसमोर उभी राहिली.

"मोठेबाबा, मी अमरावतीले जात नाही."

वामनरावांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "शहानी पोर. पाह्यलं ना, तिलेच आपल्याले सोडवत नाही."

"पन आता पाळी नको," काजल म्हणाली. "मी एकाच घरी राह्यते. लगन होईपर्यंत. बाकीच्या दोघांनी मंग काहीच पाह्याचं नाही. सांगा, कोनाच्या घरी राहू?"

रंगरावांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली. मामाने घड्याळ पाहिलं. वामनराव अंगणातल्या बैलाकडे बघू लागले, जणू त्याने काही विचारलं होतं. वामनरावांची बायको पुष्पाबाई चहा घेऊन आली होती. ती कपबशा हातात घेऊन उंबऱ्यातच उभी राहिली. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.

मग पुष्पाबाईच बोलली. "पोरीचं शिक्षण काऊन अडवता म्हनते मी? एवढे चांगले मार्क पडले तिले."

"तेच म्हनून राह्यलो मी केव्हाचा!" रंगराव म्हणाले.

"आपल्या खानदानातली पयली पोर बी.एस्सी.ले जाते," वामनराव म्हणाले. "नाही म्हननारे आपन कोन?"

"शेगावपर्यंत मी येतो सोडून द्याले," मामा म्हणाला. "सकाळीच बडनेऱ्याची गाडी हाये, तिथून अमरावती जवळच. चांगली जागा पाहून बसवून देतो."

चहा फिरला. रंगरावांनी थोरल्या भावाला काहीतरी गंमत सांगितली आणि ओसरी पहिल्यांदाच हसली. कोणी कोणावर ठपका ठेवणार नव्हतं. तिघांनी मिळून तिला सोडलं होतं.

काजलने एकेकाच्या पाया पडून घेतलं. तिघांनीही डोक्यावर हात ठेवून तोंडभर आशीर्वाद दिले, खूप शिक म्हणाले. ती हो म्हणत राहिली.

एकाच्या तोंडून जरी 'माह्याकडं राह्य' निघालं असतं, तर ती अमरावतीला गेली नसती.