गालावरचा वांग

केसपेपरच्या खिडकीत सिंधूला तोंड उघडू न देता भिवराबाईनंच सांगून टाकलं, "सून पोटुशी हाय माझी. चौथा चाललाय. तसंच लिव्हा."

कारकून लिहू लागला. मागं उभ्या सिंधूनं पदराचं टोक गालावर ओढून धरलं होतं. ती हळूच म्हणाली की तिला तोंडावरच्या डागाला औषध पाहिजे होतं. भिवराबाईनं वळूनही पाहिलं नाही.

वडवणीच्या बाजाराचा दिवस, दवाखाना गच्च भरलेला. बाकड्यावर शेजारच्या वस्तीवरची जानकीबाई गुडघे धरून बसली होती. तिच्या सुनेला दोन लेकरं, म्हणून भिवराबाईनं मुद्दाम तिच्याजवळच जागा धरली आणि सिंधूचा पदर आपल्या हातानं बाजूला केला. दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी डाग उठले होते. सिंधूच्या नवऱ्यानं, पंडितनं, गोरं करायची ट्यूब आणली होती, ती त्याच्या आईनं उकिरड्यावर भिरकावली. वांगाला औषध नसतं, बाळंतपण असतं, असं तिचं म्हणणं. पंडितच्या वेळी तिच्याही तोंडावर असाच वांग आला होता आणि पाळणा हलायला लागल्यावर उतरला होता. शिवाय चार महिने झाले, सून एकदाही बाजूला बसली नव्हती. लग्नाला तीन वर्षं झाली होती. आणखी काय पुरावा पाहिजे?

पोट कुठं दिसत नाही, असं जानकीबाई चाचरत म्हणाली. त्यावर भिवराबाईनं ऐकवलं, की पहिलटकरणीचं पोट दडून असतं, ज्याला ठाऊक नाही त्यानं गुडघे शेकत बसावं.

आत डॉक्टरीणबाईनं लघवीची पट्टी बघितली. पोट चाचपलं. दुसरी पट्टी भिजवून तीही बघितली. मग सासूला सोडून तिनं सिंधूलाच विचारलं, काही गोळ्या चालू आहेत का.

सिंधूचा हात कमरेच्या पिशवीवर गेला.

"बोल की. मुकी हायस का?" भिवराबाई म्हणाली.

सिंधूनं पिशवी सोडली आणि अर्धं संपलेलं पाकीट टेबलावर ठेवलं. पाळी थांबवायच्या गोळ्या होत्या. ऊसतोडीला गेल्यावर टोळीतल्या बाया घेत, त्यांच्याकडून तिला कळल्या. रोज एक, मधे एक दिवसही न सोडता. गावी परतल्यावर दुष्काळी कामातून तलाव खोदणं निघालं. तिथंही हजेरी चुकवायची सोय नव्हती, म्हणून तशाच चालू ठेवल्या.

डॉक्टरीणबाईनं सावकाश समजावलं. पोटात काही नाही. या गोळ्या अशा खाताना दिवस राहतील कसे? आणि डागही त्यांचेच. गोळ्यांनी कातडीत रंग साठतो, वरून दिवसभर ऊन, मग तो पक्का बसतो. आता गोळ्या बंद करायच्या. बाजारची ट्यूब चोळायची नाही, तिनं कातडी पातळ होते. चिठ्ठीवर लिहिलेलंच मलम लावायचं आणि तोंडाला ऊन लागू द्यायचं नाही. वांग उतरेल, पण महिने जातील. थोडा राहीलही.

भिवराबाईच्या कानात 'पोटात काही नाही' एवढंच शिरलं होतं.

"मला कावून न्हाई सांगितलंस?" ती सुनेवर उसळली. "पडला असता दोन दिस खाडा. आभाळ कोसळलं असतं का?"

सिंधूनं मान वर केली. आवाज चढवला नाही.

"आत्याबाई, पहिल्या वर्साला मी दोन दिस बसले व्हते. तुमी समद्या टोळीत म्हणलात, आमी कामाला सून आणलीय, बसायला न्हाई."

खोटं नव्हतं. टोळी हसली होती. हसणाऱ्यांत मुकादमही होता. आपण सुनेला कसं एका वाक्यात सरळ केलं, हे भिवराबाईनं पुढं गावातही दोघीतिघींना सांगितलं होतं. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. भिवराबाईच्या लेक-सुनेच्या कोयत्याला खाडा नाही, असं सहकारी कारखान्याच्या तळावर लोक बोलायचे, आणि ते ऐकायला ती पाण्याच्या टाकीवर दोन घटका जास्त थांबायची.

  डॉक्टरीणबाईनं चिठ्ठी पुढं केली, ती सिंधूनंच घेतली.

बाहेर जानकीबाई वाटच बघत होती. कितवा म्हणाल्या, असं तिनं विचारलं. भिवराबाई चार पावलं पुढं गेली, थांबली, आणि सगळ्या बाकड्याला ऐकू जाईल अशी म्हणाली, "न्हाई काही. म्या उगंच बोलले."

एसटीच्या थांब्यावरचा निंब दुष्काळानं वाळला होता. तिसऱ्या प्रहराचं तिरपं ऊन थेट तोंडावर येत होतं. सिंधू दगडावर टेकली. पदर धरून ठेवावा तर वारा उडवत होता. भिवराबाई उन्हाकडं पाठ करून तिच्यासमोर उभी राहिली, आपली सावली तिच्या तोंडावर पडेल अशी.

"टेका की आत्याबाई. पाय भरतील."

"गप ऱ्हा."

गाडीला उशीर होता. ऊन सरकायचं, तशी भिवराबाई अर्धं पाऊल सरकायची.