शिशाऐवजी मर्ल

मर्ल पुन्हा कुशीवर कलंडला आणि तरंगत वर आला.

"अकरा फूट," एल्डनने वहीत नोंद केली. "मघाशी साडेदहाच होतं."

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात," नावेच्या पुढच्या टोकाला पाठमोरी बसलेली डार्लीन म्हणाली. "ह्याची तर मेल्यावरही गेली नाही."

मर्ल म्हणजे तिचा नवरा. तो ऑगस्टमध्ये वारला होता. आता ऑक्टोबर होता, आणि त्याची तीन चमचे राख एका नऊ इंची लाकडी माशाच्या पोटात बंद होती. हे आमिष होते मस्कीसाठी. उत्तर विस्कॉन्सिनच्या तळ्यांत माणसाला इतके तुच्छ लेखणारा दुसरा मासा नाही. दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा एकदा तोंड लावतो, असा त्याचा लौकिक आहे.

एल्डन आणि मर्ल यांनी अडतीस वर्षे एकाच नावेतून गळ फेकले आणि अडतीस वर्षे एकच भांडण केले. एल्डनचे म्हणणे असे की, थंडी पडू लागली की मोठी मस्की वीस फुटांच्या खाली जाते. मर्ल म्हणे, ती वरच असते. खाली फक्त एल्डनचे गणित असते. एल्डनने तंत्रमहाविद्यालयात एकतीस वर्षे लेथकाम शिकवले होते. तो लाकडी माशांच्या पोटांना भोके पाडी, त्यांत शिसे ओती आणि दर हंगामात त्यांना फूटभर आणखी खाली नेई. मर्ल आपले मासे वरच्या वर नाचवी. दोघांनी पकडलेल्या मस्कींची संख्या सारखीच होती. ती सांगण्याजोगी नव्हती.

इस्पितळात मर्ल म्हणाला होता, "एकदा म्हण ना लेका, मासे वर असतात. सुखानं मरेन."

"नोंदी तसं सांगत नाहीत," एल्डन म्हणाला होता.

दोन दिवसांनी मर्ल गेला. उशाखाली चिठ्ठी सापडली : 'शिशाऐवजी मला भरा. एल्डनच्या वीस फुटांवर जाऊन स्वतः बघून येतो.'

डार्लीन उद्या मुलीकडे ॲरिझोनाला कायमची राहायला जाणार होती. म्हणजे मर्लला खाली पोहोचवायला आजचाच दिवस उरला होता.

अडचण शुद्ध यांत्रिक होती. राखेचे वजन शिशाच्या जेमतेम एक दशांश, आणि पोट हलके असले की लाकडी मासा वेग घेताच कलंडतो. एल्डनने त्याच्या जबड्याखालची, पाणी कापत त्याला खाली नेणारी पट्टी लांब करून पाहिली. गळाची काठी दोरीच्या रिळापर्यंत पाण्यात बुडवून ओढून पाहिले. शेवटी ऐंशी पौंडांचा ताण पेलणारी दोरी काढून तीस पौंडांची लावली, कारण बारीक दोरी पाण्याला कमी अडते. एवढ्या खटाटोपाने मर्ल अकरा फुटांपर्यंत गेला आणि तिथून परत फिरला. नावेखालचे मासे रेषांनी दाखवणारा पडदा सकाळपासून कोरा होता.

"आठ काढ," डार्लीन म्हणाली.

"वर तरंगतोय तो. आठ काढून काय उपयोग?"

"अडतीस वर्षं दर फेकीला काढलास ना? मग आज माझ्या नवऱ्यालाच का वगळतोस?"

हा इथला रिवाज आहे. मस्की आमिषाच्या मागे नावेपर्यंत येते आणि तिथेच घुटमळते. म्हणून आमिष उचलण्यापूर्वी काठीच्या टोकाने नावेलगत पाण्यात आठचा आकडा काढायचा. एल्डनने नाइलाजाने मर्लला हातभर पाण्यात फिरवले. पहिले वळण. दुसरे वळण.

नावेखालून एक ओंडका निघाला. ओंडक्याने तोंड उघडले आणि मर्लला गिळले.

"एल्डन! अरे, धर त्याला!"

काठी अर्ध्यात वाकली. मस्की सरळ खाली सुटली. ऐंशी पौंडांची दोरी असती तर ती थांबली असती. तीस पौंडांची दोरी बंदुकीसारखी वाजली आणि तुटली.

मग डार्लीनला हसू फुटले.

"हातभर पाण्यात! ऐकतोयस ना? हातभर! इस्पितळात नुसतं 'हो' म्हणाला असतास तर तुझं काय गेलं असतं रे?" हसता हसता तिने पाठमोरीच डोळे पुसले.

एल्डन दोरीचे तुटके टोक पाहत बसला.

वीस मिनिटांनी नावेपासून थोड्या अंतरावर काहीतरी टुपकन वर आले. मर्ल गळांच्या काट्यांवरचे उलटे दात नेहमी कानशीने घासून टाकी. कधीकाळी त्यातला एक त्याच्याच कानाच्या पाळीत अडकला होता. काट्यांना दात नसल्यामुळे मस्कीने मर्लला सहज थुंकून दिले होते. एल्डनने जाळीने तो लाकडी मासा उचलला. पाठीवर दातांच्या दोन ओळी होत्या. पोटाचे बूच शाबूत होते.

"आला का बघून?" डार्लीनने विचारले. तिचा आवाज आता हसरा नव्हता. "काय म्हणतोय?"

एल्डनची नजर पडद्याकडे गेली. एकतीस फुटांवर चार जाड रेषा संथपणे सरकत होत्या. अडतीस वर्षांत इतका स्पष्ट पुरावा त्याने कधी पाहिला नव्हता. डार्लीन मागे वळू लागली.

एल्डनने डोक्यावरची टोपी काढून पडद्यावर ठेवली.

"म्हणतोय, खाली कुणीच नाही. सगळे वरच आहेत."