फळीवरचा हिरवा दिवा

वासराच्या पायाची चिंधी सुटली आणि आतला पट्टा पाहून शालनच्या हातातली चरवी पडता पडता राहिली.

तो पट्टा दोन महिन्यांपूर्वी दवाखान्यात तिच्या लेकीच्या, वैजूच्या मनगटावर बांधला होता. पट्टा मन वाचायचा आणि स्वयंपाकघरातल्या फळीवरचा दिवा ते दाखवायचा. उदासी दाटली की लाल, निवळली की हिरवा. आधी दिवा लालच राहिला, तेव्हा शालननं देवापुढं हात जोडले, दिवा हिरवा होईस्तोवर अन्नाला शिवणार नाही म्हणून. पाचव्या दिवशी तो हिरवा झाला, तो कायमचाच. शालन पोटभर जेवू लागली. दिवा सांगतोयच म्हटल्यावर लेकीला काही विचारायचंही तिनं सोडून दिलं.

मागं वैजू येऊन उभी राहिली होती. कितीतरी दिवस विंचरलेले नसावेत असे तिचे केस शालनला आज दिसले.

"माझ्यापायी तू उपाशी राहिलीस, आई," वैजू खाली बघत म्हणाली. "मला ते सोसेना."

शालननं वासराच्या पायाचा पट्टा सोडला. घरात येऊन तिनं एकाच ताटात पिठलं-भाकरी वाढली, लेकीला समोर बसवलं आणि विचारलं, "कसं वाटतंय गं तुला?"

"वाईट. रोजच."

फळीवरचा दिवा विझला होता. शालननं पहिला घास तोंडात घातला. पाण्याच्या घोटाबरोबर तो तिनं कसाबसा गिळला, भाकरीचा दुसरा तुकडा मोडला आणि म्हणाली, "सांग. मी जेवतेय."