कॅमेऱ्यात हसायचं राहिलं

"शर्वाणीताई, आधी कॅमेऱ्यात बघून हसा!" कॅमेरामन खोपकरकाका ओरडले. मालिकेत मेल्याचा शॉट दिला, की तिरडीवरून उठण्याआधी कॅमेऱ्यात हसायचं. नाहीतर मरण अंगाला चिकटतं, असं युनिटमध्ये मानत.

पण 'कट' ऐकताच दोरीपलीकडचं अख्खं गाव अंगणात घुसलं. "ताई, एक सेल्फी!" दहा वर्षं याच गर्दीची तर वाट बघितली होती तिने. शर्वाणी उठून बसली, नाकातला कापूस उपटून फेकला आणि समोर येईल त्या मोबाइलमध्ये हसत राहिली.

"अगं, ताईंचे डोळे मिटलेत. परत काढ," एक म्हातारी सुनेला म्हणाली. सुनेने फोटो परत काढला. मग पुन्हा एकदा. मग फोन पदराआड लपवून दोघी निघून गेल्या. एकेक जण आपापल्या फोनकडे बघत मागे सरकला. अंगण रिकामं झालं.

शर्वाणी धावत कॅमेऱ्यासमोर गेली. डोळे ताणून, दात दाखवून हसली. "आलं ना, काका?"

काका मॉनिटरकडे बघत राहिले. मग झोपलेल्या लेकराला उठवावं तसे हळूच म्हणाले, "डोळे उघड, पोरी."