पाळण्याचं स्पॅनिश नाव

हर्सूलजवळच्या पार्कातला नवा रोलर कोस्टर चालला नाही, तर इंद्रजीतला लासूर स्टेशनला वडिलांच्या आडतीवर कांदा तोलत बसावं लागणार होतं. म्हणून त्यानं रक्त आटवून एकदम फॉरेनचं नाव शोधलं, 'तोर्मेंता देल सिएलो', अर्थात आभाळातलं वादळ. पहिल्या फेरीचा मान आईला, म्हणजे पारूबाईंना दिला. पहिल्याच उतारावर त्या जे काही ओरडल्या, ते संध्याकाळपर्यंत जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाईलवर वाजत होतं.

दुसऱ्या दिवशी तिकीट खिडकीवर ही भलीमोठी रांग!

"दोन 'मेले गं माय' द्या."

"काका, हात जोडतो, त्याचं नाव 'तोर्मेंता देल सिएलो' आहे हो," इंद्रजीत काकुळतीला आला.

 

"ते दुसरं नको, भाऊ. आम्ही लासूरहून खास 'मेले गं माय'मधी बसायलाच आलोत."