फोटोपुरती जागा

बेसबॉलच्या यंदाच्या हंगामात राज्यात आपल्या फेकीने सगळ्यात जास्त बॅटर बाद करणारी पिचर जागृती ठरली आणि प्रकाशा गावाच्या फाट्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. त्यावर हात जोडलेले भूपेशभाऊ, भोवती त्यांचे कार्यकर्ते. जागृतीचं नुसतं नाव, तेही तळाशी, बारीक अक्षरात. फ्लेक्ससमोर फोटो काढायला भाऊ स्वतः आले, तिलाही बोलावलं.

"भाऊ, मन्हा फोटो कोठे शे?"

"फोटोले जागाच उरनी नही, बेटा."

"जागा मी करी लेसू."

तिने पिशवीतून चेंडू काढले. पहिला फ्लेक्सवरच्या भाऊंच्या नाकावर बसला, दुसरा कपाळावर, तिसऱ्याने अख्खं तोंडच फाटलं. कार्यकर्ते धावेपर्यंत ती मागच्या ओट्यावर चढली आणि त्या भोकातून तिने स्वतःचा चेहरा बाहेर काढला.

"आते काढा फोटो."