बिनआवाजाचा कॉम्प्युटर

लेकीने बटण दाबलं आणि काहीच ऐकू आलं नाही.

"चालू झालाय, आई," लेक म्हणाली. पडदा उजळला, तेव्हा कुठे आईचा विश्वास बसला. जुना कॉम्प्युटर सुरू व्हायचा तो टेबलासकट खोली हलवत. त्याच्यावरच धडपडत ती छपाईसाठी पुस्तकांची पानं लावायला शिकली होती. नवरा हसायचा, तेव्हा सासूबाई तान्ह्या नातीला खांद्यावर टाकून म्हणायच्या, शिकू दे तिला, पोर मी बघते. ती पोर आता कमावती होऊन हा नवा घेऊन आली होती.

शेजारच्या खोलीतल्या सासूबाईंना हल्ली दिसत नव्हतं. कान मात्र शाबूत होते, आणि जीभ त्याहून. जुन्या कॉम्प्युटरला त्यांनी नाव ठेवलं होतं, गिरणी. रोज दुपारी आडवं होताना म्हणायच्या, "लावली का बाईसाहेबांनी गिरणी? आता कसला डोळा लागतोय." आणि घोरायला लागायच्या. नवा आणला त्यात त्यांच्या झोपेचाही विचार होताच.

लेक कामावर गेली. संध्याकाळी भंगारवाला जुना न्यायला येणार होता. टेबलाखाली सरकवण्याआधी तिने पदराने त्याची धूळ पुसली. इतकी वर्षं कामाला आला बिचारा.

दुपारी सासूबाईंना तहान लागली. मग किती वाजले ते हवं होतं. मग पंखा कमी कर, मग वाढव. मग दार लोटलंय का बघ. छापखान्याला आजच पुस्तक पाठवायचं होतं आणि एक पान धड लागत नव्हतं.

"आई, आता तर काही आवाजही नाही. झोपा की निवांत," ती शेवटी त्राग्याने म्हणाली.

झोपते हो, म्हणाल्या. पाठोपाठ पुन्हा हाक.

त्यात पुस्तकातलं एक चित्र जुन्यातच राहिल्याचं लक्षात आलं. तिने खाली वाकून तारा जोडल्या, बटण दाबलं. तो खोकला, घरघरला, खोली हलली. आता बोलणी बसणार म्हणून ती वाट बघत राहिली.

"लावली का गिरणी," पलीकडून आलं. मग काहीच नाही.

चित्र मिळालं. जुना बंद करायचा मात्र राहूनच गेला, कारण काम मार्गी लागलं होतं. पानामागून पानं लागत गेली. शेवटचं पान छापखान्याला गेलं, तेव्हा पलीकडे सासूबाई छान घोरत होत्या. तिने वाकून जुन्याच्या पाठीवर थाप मारली आणि बटण दाबलं. घरघर थांबली.

घोरणंही थांबलं.

"कुठे निघालीस गं?" सासूबाईंचा आवाज आला.

"कुठेच नाही, आई. इथेच आहे."

"मग गिरणी का बंद केलीस?"